सहा तात्पुरते स्क्रू

शनिवारी दुपारी ऑफिसातून निघताना केरोपंतांनी एक अगदी छोटा निर्णय घेतला. यंत्र घरी न्यायचं. बस्स, एवढाच. त्यात कुणाची वेणी अडकेल आणि कुणाचं घड्याळ अडेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. (त्यांच्या ध्यानीमनी सहसा काही नसायचंच. तंद्रीनं सगळी जागा अडवलेली असायची.)

केरोपंत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. घरभर आपोआप फिरून जमीन झाडणारी ती चपटी गोल यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत ते डिझायनर होते. त्या यंत्रातल्या दोनच गोष्टी त्यांच्या वाट्याला आल्या होत्या: केर ओढणारा ब्रश आणि केर साठवणारा कप्पा. चाकं एकाकडे, बॅटरी दुसरीकडे, भिंत आणि जिना ओळखणारे सेन्सर तिसऱ्याकडे. केर तेवढा यांच्याकडे. तेव्हा नाव पडायला आठवडासुद्धा लागला नाही.

आणि खरं सांगायचं तर त्यांना केर मनापासून आवडायचा. मीटिंग चालू असली की उन्हाचा एक पट्टा टेबलावर तिरका उतरायचा आणि त्यात धूळ तरंगायची. बाकीचे भिंतीवरचे आकडे बघत असायचे, केरोपंत धूळ बघत असायचे. कसली घाई नाही, कुठे पोचायचं नाही. एक कण खाली येतोय म्हणावं तर मधेच विचार बदलून पुन्हा वर जातोय.

"केरोपंत, तुम्हाला काय वाटतं?" विभागप्रमुख बाई विचारायच्या.

"खाली बसायला जरा वेळ घेते," केरोपंत म्हणायचे.

"कोण?"

या प्रश्नाचं उत्तर त्यांना कधीच देता आलं नव्हतं.

पण त्यांच्या कामाचा गाभा साधा होता. गिऱ्हाइकांच्या तक्रारी दोनच. एक, ब्रशला केस गुंडाळले जातात आणि ते काढायला यंत्र उताणं करून, कात्री घेऊन, जमिनीवर बसावं लागतं. दुसरी, कप्पा उघडला की निम्मा केर पुन्हा जमिनीवर सांडतो आणि उरलेला उघडणाऱ्याच्या नाकात जातो. केरोपंतांचं स्वप्न होतं एक पिवळा खटका. बोटानं हलकेच दाबायचा, की ब्रश आणि कप्पा दोन्ही अलगद हातात. ना कात्री, ना शिंका.

सहा महिने खपून त्यांनी तो खटका बनवला. आणि तो फारच हलका झाला! यंत्र खुर्चीच्या पायाला टेकलं तरी खटका दाबला जायचा, कप्पा गळून पडायचा, आणि तासभर गोळा केलेला केर यंत्र इमानेइतबारे जमिनीला परत करायचं. मंगळवारी तर कंपनीतल्या सगळ्या वरिष्ठांसमोर प्रात्यक्षिक. म्हणून शुक्रवारी केरोपंतांनी त्या खटक्यावर सहा बारीक स्क्रू मारून तो घट्ट बसवून टाकला. तात्पुरते.

म्हणजे उघडायला जगात सगळ्यात सोपं असं ते यंत्र आता स्क्रूड्रायव्हरशिवाय उघडत नव्हतं. आणि तो विशिष्ट स्क्रूड्रायव्हर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल, असं त्यांना तेव्हा वाटलं नाही.

घरी न्यायचं मनात आलं ते बाईंच्या एका वाक्यामुळे. "प्रयोगशाळेतली धूळ पाकिटातून येते," त्या म्हणाल्या होत्या. "घरातली माणसांमधून येते. खऱ्या घरात चालवून बघितलंय का कुणी?"

कुणीच बघितलं नव्हतं.

केरोपंतांच्या खऱ्या घरात तीन माणसं. ते, त्यांची बायको आणि तिचे वडील. बायको दवाखान्यात नर्स, सध्या रात्रपाळीवर. तिचे केस एवढे लांब, की वेणी मोकळी सोडून खुर्चीवर बसली तर आधी वेणी बाजूला करावी लागे. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. पन्नास वर्षं चालवलेलं दुकान त्यांनी बंद केलं, तब्येतीपायी लेकीकडे राहायला आले, पण दुकानातलं टेबल मात्र सोबत घेऊन आले. बाहेरच्या खोलीत खिडकीशी ते टेबल आणि टेबलाशी बाबा, डोळ्याला भिंग लावून. केरोपंतांना ते 'जावईबापू' म्हणत. त्यात आदर किती आणि संशय किती, हे केरोपंतांना लग्नाला बारा वर्षं झाली तरी नीट उमगलं नव्हतं.

रविवारी सकाळी बायको पाळी संपवून आली. अंघोळ केली, चार घास खाल्ले आणि झोपायच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "चार वाजेपर्यंत मला कुणीही उठवायचं नाही. घराला आग लागली तर आधी विझवा, मग सांगा."

"अगं, मुंगीसुद्धा चपला काढून आत येईल," केरोपंत म्हणाले.

त्यांचा तसा खरंच इरादा होता. उलट, हीच तर परीक्षा! यंत्राचा आवाज त्यांनी इतका कमी केला होता, की जवळून गेलं तर कुणीतरी शेजारच्या खोलीत मनातल्या मनात गाणं म्हणतंय असं वाटावं. (आवाज कमी करताना थोडा जोर कमी झाला होता, पण तो त्यांनी ब्रश लांब करून भरून काढला होता. ही लांबी लक्षात ठेवलेली बरी.)

जेवणं झाली. बाबा टेबलाशी बसले. आजचं काम मोठं नाजूक होतं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त भूगोलाच्या बाई आज संध्याकाळच्या गाडीनं कायमच्या बहिणीकडे राहायला निघाल्या होत्या. त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडलं होतं. तीस वर्षं त्या घड्याळावर त्यांनी शाळेची घंटा द्यायला लावली होती. त्या साडेतीनला न्यायला येणार होत्या. घड्याळ इतकं जुनं, की त्याचे सुटे भाग आता कुठे मिळत नव्हते. बाबांनी ते सकाळपासून उघडून, पुसून, तेल देऊन आता पुन्हा जुळवत आणलं होतं. आतली वरची पट्टी बसवली की झालं. पट्टीला एकच स्क्रू, मोहरीच्या दाण्याच्या निम्मा.

केरोपंतांनी यंत्र जमिनीवर ठेवलं, बटण दाबलं आणि आरामखुर्चीत टेकले.

आता त्या दुपारचं काय सांगावं! पडदा हलत होता आणि त्याबरोबर जमिनीवरचं ऊन हलत होतं. त्या उन्हातून यंत्र चाललं होतं, कासवासारखं, आपल्याच विचारात. सोफ्याखाली जाऊन दिसेनासं व्हायचं आणि बऱ्याच वेळानं भलतीकडूनच बाहेर यायचं. मागे ओल्या बोटानं रेघ ओढावी तशी स्वच्छ फरशीची वाट उमटत जायची. केरोपंत ती वाट बघत होते. मग अर्ध्या डोळ्यांनी बघत होते. मग डोळे मिटूनही ती दिसायला लागली.

स्वप्नात एक जमीन होती, तिला भिंती नव्हत्या. खुर्च्या नव्हत्या, म्हणून खुर्च्यांचे पाय नव्हते, म्हणून कप्पाही गळत नव्हता. यंत्र पुढे आणि केरोपंत मागे, अनवाणी. वाटेत एक एक केस उठून बाजूला होत होता आणि "या, या" म्हणत होता. खूप लांबवर विभागप्रमुख बाई उभ्या होत्या. त्या हळूच, अगदी कुजबुजत हाक मारत होत्या, "जावईबापू... अहो जावईबापू..."

बाई आपल्याला जावईबापू का म्हणतायत? केरोपंतांनी स्वप्नातल्या स्वप्नात विचार केला. बाईंना मुलगी आहे का? असली तरी आपलं लग्न झालेलं आहे. हे त्यांना न दुखावता कसं सांगावं?

हाक अर्थात बाबांची होती. झालं होतं असं, की बाबांनी डाव्या बोटानं पट्टी दाबून धरली, उजव्या हातातल्या चिमट्यानं तो स्क्रू उचलला, आणि नेमकं त्याच क्षणी यंत्र येऊन टेबलाच्या पायाला टेकलं. टेकलं म्हणजे काय, नुसतं विचारल्यासारखं केलं. पण तेवढं पुरलं. स्क्रू चिमट्यातून उडाला, जमिनीवर एकदा टिंग वाजला, आणि यंत्र वळून, अतिशय कर्तव्यदक्षपणे, त्याच्यावरून गेलं.

बाबा उठू शकत नव्हते. पट्टीवरचं बोट काढलं असतं, तर खालचे अकरा भाग चारी दिशांना गेले असते. आणि ओरडू शकत नव्हते, कारण लेक झोपली होती. तेव्हा उरलं फक्त कुजबुजत ओरडणं. ते त्यांनी पाच मिनिटं केलं. तेवढ्यात यंत्र गुणगुणत झोपायच्या खोलीत शिरलं.

त्यानंतर जी किंकाळी आली, तिच्यामुळे केरोपंतांच्या स्वप्नातल्या जमिनीला एकदम चार भिंती आल्या.

ते धावले. बायको पलंगावर वाकडी बसली होती. तिची वेणी पलंगाखाली ओढली जात होती आणि वेणीच्या शेवटी यंत्र होतं. वेणीचं टोक पलंगावरून जमिनीवर लोंबत होतं आणि लांब केलेल्या ब्रशनं ते अगदी आपुलकीनं आत घेतलं होतं. केरोपंतांनी झडप घालून यंत्र उचललं. उचललं की ते आपोआप थांबे. (हे सेन्सरवाल्याचं काम. केरोपंतांनी त्याचे मनातल्या मनात पाय धरले.)

"हे काय आहे?" बायकोनं विचारलं. आवाज शांत होता. नर्सचा आवाज असा शांत झाला की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"नमुना आहे. मंगळवारच्या प्रात्यक्षिकाचा."

"माझ्या केसांत काय करतोय तो?"

"म्हणजे... तसं बघितलं तर पकड फार छान घेतलीय त्यानं," केरोपंत म्हणाले, आणि आपण हे बोललो हे त्यांना बोलल्यावर कळलं.

"काढा."

केरोपंतांनी खटका दाबला. खटका हलला नाही. मग त्यांना सहा तात्पुरते स्क्रू आठवले. मग ड्रॉवर आठवला. मग आज रविवार आहे हे आठवलं.

"उघडत नाही का?"

"उघडायला अगदी सोपं आहे गं. फक्त आत्ता उघडत नाही."

"कात्री आणा."

"अगं, एवढे सुंदर केस..."

"केस कोण कापतंय? तो ब्रश कापते."

"नको! ब्रश नको!" केरोपंत कळवळून ओरडले. "सहा महिने लागलेत त्याला!"

बायकोनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. (तिचे केस वाढायला किती वर्षं लागली होती, हा हिशेब तिनं बोलून दाखवला नाही. त्यामुळेच तो केरोपंतांना स्पष्ट ऐकू आला.)

तेवढ्यात बाहेरून बाबांचा आवाज आला. आता कुजबुजायचं काही कारण उरलं नव्हतं. "बाळ, मी उठू शकत नाही! तूच इकडे ये! आणि त्या यंत्राच्या पोटात माझा स्क्रू आहे, तेव्हा ते हलवू नका, आपटू नका, वाकडं करू नका!"

मग वरात निघाली. पुढे बायको, मान ताठ, आणि तिच्यामागे वेणीच्या लांबीएवढं अंतर राखून केरोपंत, दोन्ही हातांवर यंत्र धरून, बाळाला दवाखान्यात नेतात तसे.

बाबांकडे स्क्रूड्रायव्हरचा पूर्ण संच होता. सुईपासून पेन्सिलीपर्यंत. पण स्क्रू काढायला दोन हात लागतात आणि बाबांचा एक हात घड्याळात गुंतला होता.

"जावईबापू, या इकडे. मी बोट काढतो, तुम्ही ठेवा. हं, असं. दाबू नका, नुसतं ठेवा. हललं तर अकरा भाग उडतील. आणि एक विनंती आहे. तंद्री लावू नका."

यंत्र बायकोच्या मांडीवर उताणं. बाबा भिंग लावून त्याच्यावर वाकलेले. आणि केरोपंत टेबलाशी वाकून, एक बोट घड्याळावर ठेवून, श्वाससुद्धा बेतानं घेत उभे. बोटाखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं थरथरत होतं. ती स्प्रिंग होती की आपलीच नाडी, हे त्यांना कळेना. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं लक्ष जिथे असायला हवं तिथे होतं. सलग पंधरा मिनिटं.

बेल वाजली.

"दार उघडंच आहे!" तिघंही एकदम म्हणाले. कुणालाच हलता येत नव्हतं.

भूगोलाच्या बाई आत आल्या. त्यांनी समोरचं दृश्य नीट बघून घेतलं. मग कौतुकानं म्हणाल्या, "हल्ली केस वाळवायला असलं मिळतं वाटतं? आणि बापलेक मिळून वाळवतात! छान. माझं आपलं टॉवेलनं भागतं."

"बसा," बाबा म्हणाले. "पाच मिनिटं."

"माझी गाडी आहे हो पाचला."

"माहीत आहे मला. चौथा निघाला," बाबा यंत्राकडे बघत म्हणाले.

सहावा स्क्रू निघाला. ब्रश सुटला. बायकोनं पदरी आलेलं ते लोढणं मांडीवर घेऊन एक एक पीळ उलगडायला सुरुवात केली. दोन पीळ सुटल्यावर थांबली. "अहो, हे बघितलंत का? मधल्या भागाला काही नाही. केस सगळे या टोकाला जमतात, दांडीपाशी. तुम्ही मधे साफ करायची सोय केलीत आणि घाण बसते कडेला."

केरोपंतांना बघता येत नव्हतं, कारण मान वळवली तर बोट हललं असतं. पण हे वाक्य त्यांच्या मनात बरोबर जाऊन बसलं.

कप्पा पांढऱ्या कागदावर रिकामा झाला. केराचा करडा, मऊ ढीग. तीन माणसांचा, सहा महिन्यांपासून सोफ्याखाली सुखानं राहिलेला. त्यात मोहरीच्या निम्म्या आकाराचा स्क्रू शोधायचा. बाबांनी भिंगातून एकदा बघितलं, दोनदा बघितलं. त्यांचा चेहरा पडला. बाईंनी मनगटाकडे बघितलं, तिथे घड्याळ नव्हतं.

"ढिगात शोधू नका, बाबा," केरोपंत मान न वळवता म्हणाले. "तिथे हलका केर असतो. जड कण हवेबरोबर वर चढत नाहीत. आत शिरल्या शिरल्या पडतात. कप्प्याच्या पुढच्या कोपऱ्यात, उजव्या हाताला, एक रबरी पडदा आहे. त्याच्यामागे बघा."

बाबांनी चिमट्यानं पडदा उचलला. स्क्रू तिथे बसला होता, स्वतःपुरती जागा करून.

"मिळाला," बाबा म्हणाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"मी केर बघत असतो ना," केरोपंत म्हणाले.

बाबांनी त्यांचं बोट अलगद बाजूला सारून आपलं ठेवलं आणि स्क्रू बसवला. एकदा फुंकर घातली, चावी फिरवली. घड्याळ चालू झालं. खोलीतले चौघे ऐकत राहिले. टिकटिक इतकी बारीक होती, की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. उघड्या कप्प्यातून उडालेली धूळ उन्हात तरंगत होती आणि यावेळी ती एकटे केरोपंत बघत नव्हते. बाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं, डोळे टिपले आणि "आता मला उशीर झालाय हे तरी नीट कळेल," असं म्हणून गेल्या.

बायको वेणी घालायला बसली. एकही केस कापावा लागला नव्हता, म्हणून केरोपंतांना एक कप चहा मिळाला. साखर विसरली होती की नाही, हे विचारायचं त्यांनी टाळलं.

बाबा मात्र यंत्रापुढून उठले नाहीत. पिवळा खटका दाबून बघत बसले. "जावईबापू, तुम्ही हा दाबायचा का केलात?"

"दाबायला सोपं पडतं."

"खुर्चीलाही सोपं पडतं ना मग. धक्का नेहमी सरळ येतो. माणसाचा हात वळतो. घड्याळाचं मागचं झाकण बघा. आपटलं तरी उघडत नाही, पण अंगठ्यानं पाव फेरा दिला की हातात येतं. खुर्चीला काही वळवता येत नाही. माणसाला येतं."

केरोपंत कप हातात धरून तसेच बसून राहिले. चहा गार झाला. ही तंद्री मात्र कामाची होती. संध्याकाळी दोघांनी मिळून भिंतीवरच्या एका मोडक्या घड्याळाची पितळी कडी कापून कप्प्याला बसवली. सोमवारी केरोपंतांनी ब्रशच्या दोन्ही टोकांना निघणाऱ्या टोप्या केल्या, म्हणजे जमलेले केस बांगडी काढावी तसे बाहेर यावेत. मंगळवारी यंत्र वरिष्ठांसमोर एकोणीस खुर्च्यांना धडकलं आणि कप्पा एकदाही गळला नाही. मग विभागप्रमुख बाईंनी स्वतः पाव फेरा देऊन तो उघडला. कुणाला शिंक आली नाही.

"कुणाची कल्पना ही?" बाईंनी विचारलं.

केरोपंत खरं बोलणारा माणूस. त्यांनी सगळं सांगितलं. वेणीसकट. सभागृह हसून हसून मागे टेकलं, बाईंनी डोळे पुसत वहीत काहीतरी टिपून घेतलं, आणि आपली बढती आता नक्की, असं केरोपंतांना घरी येईपर्यंत वाटत राहिलं.

तीन आठवड्यांनी घरी कंपनीचं पाकीट आलं. केरोपंतांनी बायकोला बोलावलं, बाबांना टेबलावरून उठवलं, चष्मा पुसला आणि उभं राहून वाचायला सुरुवात केली.

"'महोदय, आपल्या कल्पकतेनं आम्ही सारे भारावून गेलो आहोत.'" ते थांबले. बायकोकडे बघितलं. ती हसत होती. त्यांचा आवाज चढला. "'इतकी वर्षं यंत्रं बनवूनही जे आम्हाला सुचलं नाही, ते आपल्याला सहज सुचलं. या वयातही आपले हात आणि नजर...'"

"या वयातही?" बायको म्हणाली.

"टायपिंगची चूक असेल," केरोपंत म्हणाले. पण आवाज जरा खाली आला. "'...इतके स्थिर आहेत, हे विशेष. आपण आठवड्यातून तीन दिवस सल्लागार म्हणून आमच्याकडे यावं, ही विनंती.'"

त्यांनी पाकीट उलटून बघितलं. वर नाव बाबांचं होतं.

"पुढे वाचा की, जावईबापू," बाबा भिंग पुसत म्हणाले.

केरोपंतांनी घसा साफ केला. "'आपली हत्यारांची पेटी बरीच जड असल्याचं समजतं. ती रोज आणण्या-नेण्याचं काम आपल्या जावयांकडे सोपवण्यात आलं आहे. त्यामुळे त्यांच्या सध्याच्या कामात कोणताही खंड पडणार नाही, अशी आमची खात्री आहे.'"